अमानतु, वजा, संत्रस्ते : अपिलाच्या कागदांतले फसवे शब्द

खानापूरकर : पॉक्सो (अठरा वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) खटल्यातल्या शिक्षेविरुद्ध अपील केले की कन्नड कागदांत ‘शिक्षे अमानतु’ येते. आपल्याकडे लोक ते ‘अनामत भरायची’ असे वाचतात. नेमका मराठी शब्द कोणता? आणि ‘मेल्मनवी वजा’ म्हणजे?

निपाणीकर : शब्द मूळचा एकच, अरबी. मराठीत ‘अनामत’ होऊन तो पैशाकडे गेला, कन्नडमध्ये स्थगितीकडे. कामावरून निलंबित झालेल्यालाही तिकडे ‘अमानतु’च म्हणतात. तेव्हा मराठीत ‘शिक्षेला स्थगिती’ लिहावे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा भोगणे थांबते, दोष मात्र तसाच राहतो. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 430, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 389. गुन्हा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असेल तर सरकारी वकिलाला लेखी हरकत घ्यायची संधी दिल्याशिवाय जामिनावर सोडता येत नाही. म्हणून नुसते ‘सुटला’ लिहू नये. मुलीच्या घरी त्याचा अर्थ ‘निर्दोष सुटला’ असा पोचतो, आणि तो घाव फार मोठा असतो.

‘मेल्मनवी वजा’ म्हणजे अपील फेटाळले. मराठीत ‘वजा’ येते ते कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात तिथे (कलम 468, जुने 428). म्हणजे ‘शिक्षा कमी झाली’ असे समजून जो निश्चिंत बसला, त्याचे अपील खरे तर संपलेले असते.

बेळगावकर : ‘शिक्षा’ आणि ‘दोषसिद्धी’ (गुन्हा सिद्ध झाल्याचा निर्णय) यांतला फरकही सांगायला हवा, कारण अर्ज तिथेच फसतो. 16 ऑगस्ट 2019 पासूनच्या घटनांना पॉक्सोच्या कलम 6 खाली (गंभीर स्वरूपाचा लैंगिक अत्याचार) किमान 20 वर्षे सक्तमजुरी आहे. त्या कलमाखालची दोषसिद्धी कायम असताना उच्च न्यायालयालाही त्याखाली जाता येत नाही. ‘शिक्षा कमी करा’ एवढेच मागून मग काही हाती लागत नाही. आव्हान दोषसिद्धीला द्यावे लागते, आणि त्यात बहुतेकदा वयाचा पुरावा तपासला जातो : आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी. उलट, आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढत नाही. वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळे अपील करावे लागते.

मुदतीचेही सांगतो. बेळगावच्या विशेष न्यायालयाचा निकाल धारवाड खंडपीठापुढे जातो, 60 दिवसांत. फाशी असेल तर 30. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. आरोपीला निकालाची नक्कल फुकट मिळते. वकील नसेल तर हिंडलग्याच्या तुरुंगातून अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते, आणि कोठडीतल्या माणसाला विधी सेवेचा मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उशीर झालाच तर ‘विलंब माफीचा अर्ज’ जोडावा आणि उशिराची कारणे तारखांनिशी द्यावीत. ‘गरिबीमुळे’ एवढ्यावर भागत नाही.

खानापूरकर : कन्नड कागदांतल्या ‘संत्रस्ते’ला काय लिहायचे? मराठीत ‘संत्रस्त’ म्हणजे नुसता गांजलेला.

निपाणीकर : ‘पीडित बालिका’. ‘बळी’ नको, त्याने मूल गेल्यासारखे वाटते. तिचे नाव, आईवडिलांचे नाव, शाळा, वस्ती यांतले काहीही बातमीत येऊ देऊ नये. आपल्या लहान गावांत ‘अमुक शाळेतली सातवीची मुलगी’ एवढ्यावरूनही ओळख पटते.