थेरपीच्या 'सेशन'ला मराठीत काय म्हणाल?

अक्षरओळ: इथल्या, कोल्हापुरातल्या, एका समुपदेशन केंद्राचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'सेशन'ला 'बैठक' लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "आठवड्याला एकच बैठक? आणि तिचे पैसे?" 'सत्र' नको, कोर्टाची पायरी आठवते. दुसरं सुचवा.

पेठेतला: गंगावेश तालमीत पोरं पहाटे शेकड्यानं बैठका मारत्यात. सासूबाईंचं बरोबर हाय.

निवृत्त_मास्तर: आधी 'समुपदेशन' तपासा. सम् + उपदेशन. शब्दात उपदेश ठासून भरलाय आणि ही मंडळी म्हणतात, आम्ही उपदेश करत नाही. मग पैसे कशाचे?

पेठेतला: ऐकायचे. आमी रंकाळ्यावर बसून ऐकतो, बिल फक्त भेळंचं.

करवीर_०९: आणि ऐकलेलं सकाळपर्यंत अख्ख्या पेठेत. बाळंतपणानंतर माझी बहीण महिनोन्‌महिने रडत होती, ते तिनं तुमच्या कट्ट्यावर सांगायचं होतं होय? घरच्यांनी आधी 'बाहेरचं' म्हणून देवऋष्याकडं नेलं. तिथं काय फुकट असतं?

निवृत्त_मास्तर: देवऋषी काय, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड काय, दोघंही न दिसणारं कारण सांगतात. पटलं नाही तर तुमचाच 'प्रतिरोध', म्हणजे तुमचंच मन आडवं येतंय! ठरलेला तास रोग्यानं चुकवला तरी फी द्यायची, हे फ्रॉइडनं १९१३च्या लेखात स्वतः लिहिलंय. १९५२ साली मानसशास्त्रज्ञ आयसेंकनं तर मांडलं, की मनाच्या सौम्य विकारांचे तिघांतले दोघे रोगी उपचारांशिवायही दोन वर्षांत सुधारतात.

करवीर_०९: आयसेंकच्या आकड्यांवर पुढं भरपूर टीका झाली, तेही सांगा की. १९७७ साली स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी मानसोपचारांचे पावणेचारशे अभ्यास एकत्र तपासले. उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्क्यांपेक्षा बरा निघाला. आणि वर्षानुवर्षं कोचावर आडवं करणारं मनोविश्लेषण इथं कोण करतंय? मनोविश्लेषण आणि मानसोपचार एकाच पोत्यात भरू नका.

अक्षरओळ: माझा शब्द?

दवाखान्यातली: पेशंट 'सिटिंग' म्हणतात. दातांची सिटिंग, फिजिओची सिटिंग, तशीच ही.

निवृत्त_मास्तर: सिटिंग म्हणजे बैठकच! मग मराठी शब्दाला काय धाड भरली?

पेठेतला: मास्तर, आमच्याकडं सिटिंगला बाटली लागती.

करवीर_०९: फिजिओला पैसे देताना कुणी कुरकुरत नाही, हे मात्र खरं.

पेठेतला: गुडघा दुखायचा थांबला का न्हाई ते कळतंय की भावा.

करवीर_०९: माझी बहीण कामावर जायला लागली, ते नाही कळत?

निवृत्त_मास्तर: 'फी' आणि 'दक्षिणा' यांतला फरक कुणी लक्षात घेत नाही. दक्षिणा शब्द मूळ...