मदत हवी आहे: पद्मिनीचा टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) नक्की कुठे? पुलीची खाच आणि स्ट्रॉ जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. बाबांची 1988 सालची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, 1089 सीसी. डेल्को (डिस्ट्रिब्यूटर) उघडून नवे पॉइंट (हे उघडले की प्लगला ठिणगी पडते) आणि कंडेन्सर घातले, तेव्हापासून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बसत नाहीये.

पहिल्या खेपेला गाडी सुरूच होईना, कार्ब्युरेटरमधून फटाके. ती चूक सापडली. एक नंबरचा पिस्टन वर होता खरा, पण एक्झॉस्टच्या फेरीत. टॅपेट कव्हर काढून पाहिलं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) 1-3-4-2, म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनला वर असताना चार नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे) हलायला हवेत, एक व्हॉल्व्ह मिटताना दुसरा उघडायला. तसं जुळवून घेतलं.

आता गाडी सुरू होते, पण हँडल मारलं की उलटा झटका देते, आणि चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरला खटखट इतकी की मी अर्ध्यातून परत फिरलो. बाबांनी ही गाडी पोटच्या पोरासारखी जपली आहे, इंजिनाला काही व्हायला नको.

मी पुलीची खाच चेन कव्हरच्या खुणेसमोर आणून तोच टीडीसी धरला आणि तिथून आणखी अॅडव्हान्स दिला, म्हणजे ठिणगी आणखी आधी आणली. पण प्लगच्या भोकात स्ट्रॉ धरून पुली फिरवली तर खाच खुणेवरून पुढे गेल्यावरही स्ट्रॉ किंचित वर चढतेच, मग बराच वेळ थांबल्यासारखी वाटते. खरं कोणाचं मानू?

प्रतिसाद 1
दादा, आधी घाट बंद करा. आणि हँडल मारताना अंगठा मुठीला वळसा घालून धरू नका, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलट्या झटक्याने मनगटं मोडलेली आहेत.

स्ट्रॉ फक्त पिस्टन वर आलाय एवढं सांगते. तुमचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 75 मिमी; टीडीसीच्या आसपास पाच अंश फिरवलं तरी पिस्टन पाव मिमीसुद्धा हलत नाही. डोळ्याला ते दिसणार कसं? पिस्टन अडवून मोजा. जुन्या प्लगची पोर्सेलीन फोडून काढा, त्यात टोक गोल केलेला बोल्ट घट्ट बसवा. बॅटरीची तार काढा, गिअर न्यूट्रल, सगळे प्लग बाहेर. पिस्टन थोडा खाली नेऊन मगच हा प्लग लावा. पुली पान्याने हलक्या हाताने फिरवा, पिस्टन टेकला की खुणेसमोर पुलीवर व्हाइटनरची रेघ. मग उलटं फिरवा, टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी. स्टार्टर चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल.

प्रतिसाद 2
ती खाच टीडीसीचीच आहे कशावरून? काही इंजिनांवर ती स्पार्कच्या जागेची असते. शिवाय पुली कधी बदलली असेल तर ती खूण मानूच नका.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी तसंच केलं. मधली रेघ खाचेपासून 12 मिमी नंतर आली. पुलीचा घेर सुतळीने मोजला, 432 मिमी. म्हणजे अंशाला 1.2 मिमी, आणि खाच टीडीसीच्या 10 अंश आधी! मी तिलाच शून्य धरून वर आणखी 10 दिले होते. खटखट त्याचीच.

आता बॅटरी जोडून, कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला बारा व्होल्टचा बल्ब लावला आणि खाच खुणेवर येताच बल्ब पेटेल, म्हणजे पॉइंट उघडतील, असा डेल्को फिरवून आवळला. हँडलचा झटका गेला. घाट अजून चढलो नाही.

ज्यांच्याकडे मूळ पुलीची पद्मिनी आहे त्यांनी कृपया आपली खाच मोजून सांगाल का? माझी पुली मूळची आहे की बदललेली, हे बाबांनाही आठवत नाही.