नवऱ्याचा कट प्रेक्षकाला आधी कळावा की शेवटी?

निशाचर

(पुढे बऱ्याच चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहून या.)

बायकोच्या पैशासाठी किंवा स्वतःचं पाप झाकण्यासाठी तिला वेडी ठरवणारा, नाहीतर थेट तिच्या जिवावर उठलेला नवरा. १९४० ते १९६० या काळात या एका विषयावर किती उत्तम रहस्यपट निघाले! 'सस्पिशन' (१९४१), 'गॅसलाइट' (१९४४), 'सडन फियर' (१९५२), 'डायल एम फॉर मर्डर' (१९५४), 'ले दियाबोलिक' (१९५५), 'मिडनाइट लेस' (१९६०). हे सगळे मी अनेकदा पाहिलेत आणि माझं मत आता पक्कं झालंय. यातले जे चित्रपट नवऱ्याचं सोंग आपल्याला लवकर दाखवून देतात तेच जास्त थरारक आहेत आणि तेच बायकोला न्याय देतात. जे शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत लपवून ठेवतात ते नवऱ्याच्या कटाला हातभार लावतात.

'गॅसलाइट'मधली संगीताची मैफल आठवा. इन्ग्रिड बर्गमन किती दिवसांनी घराबाहेर पडली आहे, नटून आली आहे, पियानो ऐकते आहे. शेजारी बसलेला चार्ल्स बॉयर खिसा चाचपतो, घड्याळ नाही म्हणून पुटपुटतो आणि तिची पर्स हळूच स्वतःकडे घेतो. घड्याळ पर्समध्येच. ती हुंदका दाबायचा प्रयत्न करते, तिला तो दाबता येत नाही आणि भर मैफलीत ती रडायला लागते. माना वळतात. ही बाई आजारी आहे हे त्या क्षणी सगळ्या दालनाला पटतं. ते घड्याळ तिथे कसं गेलं याचा अंदाज तोवर फक्त आपल्याला आलेला असतो, आणि आपण काही करू शकत नाही.

हाच प्रसंग नवऱ्याबद्दल काहीही न कळता आला असता तर आपणही त्या पाहुण्यांतलेच एक झालो असतो. 'मिडनाइट लेस'मध्ये नेमकं हेच होतं. डोरिस डेला धुक्यात धमकीचा आवाज येतो, मग फोन सुरू होतात. पोलिस अधिकाऱ्याला शंका येते की नवऱ्याचं लक्ष वेधायला ही बाई बनाव रचत असावी. चित्रपट एकामागून एक संशयित पुढे करत राहतो आणि रेक्स हॅरिसनचा नवरा मात्र शेवटपर्यंत प्रेमळ. दीड तास आपण त्या बाईला तपासत बसतो. तपासायला हवं होतं नवऱ्याला.

दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंद टिकतो. माहीत असेल तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. या विषयाला तर ते शंभर टक्के लागू पडतं.

तिसरी_घंटा

अजिबात पटलं नाही. हिचकॉकचंच नाव घेतलंत म्हणून त्याच्याच 'डायल एम'बद्दल विचारतो. तिथे रे मिलँड बायकोच्या खुनाची योजना आपल्याला पहिल्याच भागात तपशीलवार ऐकवतो. म्हणजे तुमच्या नियमाने हा चित्रपट बायकोच्या बाजूचा व्हायला हवा. होतं काय? ठरल्या वेळी त्याने घरी फोन करायचा, ग्रेस केली उठून टेलिफोनपाशी यायची आणि पडद्याआड लपलेल्या माणसाने तिचा गळा आवळायचा. पण पार्टीत बसलेल्या नवऱ्याचं घड्याळ बंद पडलंय. तो धावत फोनपाशी जातो तर तिथे आधीच एक माणूस बोलतोय. इकडे मारेकरी कंटाळून निघायच्या बेतात. या प्रसंगात प्रेक्षकाच्या मनात काय असतं ते प्रामाणिकपणे सांगा. 'लाग रे लवकर फोन!' असंच ना? आपण खुन्याच्या वेळापत्रकाची काळजी करत असतो.

सगळं आधी कळल्यामुळे प्रेक्षक बायकोचा होतो हा निव्वळ समज आहे. उलट तो कटात सामील होतो.

जुनी_रिळं

मी तिसरी_घंटा यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे.

ही कथानकं हवेतून आलेली नाहीत. १८८२ च्या कायद्यापर्यंत इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क नव्हता. पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ चं असलं तरी त्यातला काळ एकोणिसाव्या शतकाचा आहे, तो उगाच नाही. अमेरिकेतलं एलिझाबेथ पॅकार्ड यांचं प्रकरण तर कुठल्याही पटकथेपेक्षा भयंकर आहे. धर्मोपदेशक नवऱ्याशी धार्मिक मतभेद झाले म्हणून १८६० मध्ये त्याने त्यांना इलिनॉयच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. कायद्यानुसार विवाहित स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द पुरेसा होता, जाहीर सुनावणीची गरज नव्हती. तीन वर्षं त्या आत होत्या. १८६४ मध्ये खटला चालला तेव्हा ज्यूरीने काही मिनिटांत त्यांना शहाणं ठरवलं.

अशा बाईला कोणी आधी सांगितलं होतं का, की तुझा नवरा हे करणार आहे? जी खरोखर फसवली जाते तिला शेवटपर्यंत माहीत नसतं. तिच्याबरोबर राहायचं असेल तर प्रेक्षकालाही माहीत नसायला हवं. सुरक्षित खुर्चीत बसून तिची दया करणं म्हणजे तिच्या बाजूला असणं नव्हे.

निशाचर

तिसरी_घंटा, फोनचा प्रसंग तुम्ही म्हणता तसाच आहे आणि तो अप्रतिम आहे. पण 'डायल एम' हा मुळात नवऱ्याचा चित्रपट आहे. त्याची हुशारी, त्याची किल्ली, त्याच्या चुका. ग्रेस केली स्वतःच्याच खटल्यात जवळजवळ मुकी आहे. तिला फाशीची शिक्षा होते ती सुनावणीही काही क्षणांत उरकलेली आहे. 'गॅसलाइट'मध्ये कॅमेरा बायकोजवळून फारसा हलत नाही. मी त्या जातीबद्दल बोलते आहे.

जुनी_रिळं, पॅकार्डबाईंची माहिती दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या प्रकरणाने माझंच म्हणणं बळकट होतं असं मला वाटतं. त्यांच्याभोवतीच्या लोकांनी नवऱ्याचा शब्द प्रमाण मानला. प्रेक्षकाला अंधारात ठेवणारा चित्रपट आपल्याला बाईच्या जागी बसवत नाही, त्या लोकांच्या जागी बसवतो. तिला निदान स्वतःला काय दिसलं, काय ऐकू आलं हे ठाऊक असतं. आपल्याला तेही नसतं.

मध्यंतर

'सस्पिशन'ला कुठे ठेवणार? तो ना आधी सांगतो ना शेवटी.

जोन फाँटेनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. हिचकॉकच्या चित्रपटातल्या अभिनयासाठी मिळालेलं हे एकमेव ऑस्कर, आणि ते तिला शोभतं. कॅरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन अंधाऱ्या जिन्यावरून वर येतो, तो प्रसंग बघताना नजर ग्लासवरून हटत नाही, कारण हिचकॉकने दुधात चक्क दिवा ठेवला होता. इतकी तयारी करून शेवटी काय? नवरा निर्दोष, विष तो स्वतःसाठीच शोधत होता, आणि सगळा संशय बायकोच्या डोक्यात. फ्रान्सिस आइल्सच्या मूळ १९३२ च्या कादंबरीत नवरा खरोखरच खुनी आहे आणि बायको ते जाणून विष पिते. कॅरी ग्रँटला खुनी दाखवणं स्टुडिओला परवडणारं नव्हतं. पण त्या तडजोडीने अख्ख्या चित्रपटाचा अर्थ फिरला. फसवल्या गेलेल्या बाईची गोष्ट होती, ती संशयी बाईची झाली. मला या सगळ्या यादीतला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

निशाचर

मध्यंतर, शब्दाशब्दाशी सहमत.

चष्मेवाली

तुम्ही सगळे प्रेक्षकाला कधी कळतं यावर भांडताय. मला वाटतं बायकोला कधी कळतं आणि कळल्यावर ती काय करते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या बाबतीत तुमच्या लाडक्या 'गॅसलाइट'ची बाजू लंगडी आहे. जोसेफ कॉटनचा पोलिस अधिकारी आला नसता तर ती बाई सुटलीच नसती. 'मिडनाइट लेस'मध्येही शेवटी पुरुषच मदतीला.

म्हणून माझं मत 'सडन फियर'ला. जोन क्रॉफर्ड श्रीमंत नाटककार आहे, जॅक पॅलन्स तिचा नवरा. तिच्या अभ्यासिकेत मजकूर सांगून ठेवण्यासाठी ध्वनिमुद्रण यंत्र आहे आणि ते रात्री चुकून चालू राहतं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच खुर्चीत बसून ते ऐकते. आधी स्वतःचा आवाज, त्यात नवऱ्याच्या नावे संपत्ती करण्याचा विचार. मग नवरा आणि त्याची मैत्रीण खोलीत आल्याचा आवाज. मग हिला कसं संपवायचं याची चर्चा. या संपूर्ण प्रसंगात पडद्यावर फारसं काही घडत नाही, फक्त क्रॉफर्डचा चेहरा बदलत जातो. तबकडी एका वाक्यावर अडकते आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येत राहतात, तेव्हा क्रॉफर्ड धावत जाऊन ओकते. पुढे हा एकमेव पुरावा तिच्याच हातून फुटतो. मग ती नाटककाराच्या डोक्याने स्वतः डाव रचते. ऐन वेळी तिच्याने गोळी झाडवत नाही, पण तोवर तिला कुणा इन्स्पेक्टरची वाट बघावी लागलेली नाही.

काळी_मांजर

चर्चा छान चालली आहे, पण 'ले दियाबोलिक'ला कोणी हात लावत नाही हे बघून लिहिते.

हृदयाने दुबळी बायको, शाळा तिच्या पैशावर चाललेली, क्रूर नवरा आणि त्याची प्रेयसी. दोघी मिळून त्याला टबात बुडवून मारतात, प्रेत शाळेच्या तलावात टाकतात, आणि तलाव उपसल्यावर प्रेत नाही. शेवटी तो 'मेलेला' नवरा टबातून उठतो आणि बायको धसक्याने मरते. नवरा आणि प्रेयसी पहिल्यापासून एकत्र होते. निशाचर यांच्या मताप्रमाणे हे आधी सांगायला हवं होतं? मग उरलं काय? आपल्यालाही तिच्याइतकीच अपराधी भावना वाटते, कारण खून झाला असं आपणही मानलेलं असतं. या चित्रपटात तिच्यावर शंका घेणाऱ्या लोकांत आपण बसत नाही. तिच्याबरोबर फसतो, त्याच क्षणी, त्याच टबापाशी. दिग्दर्शक क्लूझोने शेवटी पडद्यावर पाटी लावून प्रेक्षकांना विनंती केली की इतरांना शेवट सांगू नका. ते केवळ जाहिरातीसाठी नव्हतं असं मला वाटतं.

निशाचर

काळी_मांजर, तुमचा मुद्दा सगळ्यांत भारी आहे, पण मला 'दियाबोलिक' दुसऱ्यांदा बघताना जास्त भीती वाटली. पहिल्यांदा प्रेताचा सूट ड्रायक्लीनरकडून परत येतो तेव्हा नुसतं कोडं पडतं. दुसऱ्यांदा प्रेयसी झालेल्या सिमोन सिन्योरेचा शांत चेहरा दिसतो आणि ती शेजारी उभ्या असलेल्या बायकोला किती थंडपणे मृत्यूकडे ढकलते आहे ते कळतं. म्हणजे माहीत असल्यावरच तो चित्रपट पूर्ण उघडतो.

चष्मेवाली, कॉटनबद्दल. तो तिला सोडवतो हे मान्य, पण त्याआधी तो एक फार साधी गोष्ट करतो. नवरा वरच्या बंद माळ्यावर गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खाली तिच्या खोलीतली ज्योत बारीक होते. हा पोलिस तिथे बसलेला असताना ती बारीक होते आणि तो म्हणतो, हो, मलाही दिसलं. बर्गमनच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं ते सुटकेपेक्षा मोठं आहे. तिला रक्षणकर्ता नको होता, साक्षीदार हवा होता. आणि पुढे नवरा परत येऊन स्वयंपाकीणबाईला विचारतो, घरात कोणी आलं होतं का? ती मालकिणीला वाचवायच्या हेतूने 'नाही' म्हणते. त्या एका 'नाही'ने बर्गमन पुन्हा कोसळते. मग मला ते स्वप्नच पडलं असेल, म्हणते. तो माणूस खरंच आला होता हे आपण पाहिलेलं आहे म्हणूनच तो घाव बसतो.

चष्मेवाली

साक्षीदाराचं पटलं. तरी क्रॉफर्डला तोही मिळत नाही, हे विसरू नका.

तिसरी_घंटा

स्वयंपाकीणबाईच्या प्रसंगाबद्दल माझं नेमकं उलटं मत आहे. पोलिस येऊन गेला हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे आपण मनातून निर्धास्त असतो: येईल तो आता. बर्गमन कोसळते आणि आपण कोसळत नाही. तो माणूस आला होता की नव्हता हे आपल्यालाही धूसर ठेवलं असतं, तर त्या 'नाही'ने आपल्याही पायाखालची जमीन सरकली असती. मी 'दियाबोलिक'च्याच बाजूला आहे आणि राहणार.