अमूलची मुलगी बोलू लागली, तर आपण तिच्यापाशी अधिक थांबू का?

शाईवाला
'बोलक्या आभासी चेहऱ्यावाचून यापुढे कोणताही ब्रँड टिकणार नाही, अमूलच्या मुलीलाही प्रत्येकाशी गप्पा मारायला लावले पाहिजे,' हे पूर्वाताईंचे कालचे विधान वाचून राहवले नाही. मी बावीस वर्षे जाहिरातींची चित्रे काढतो आहे. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी घडवलेली ही मुलगी कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस आणि ताज्या बातमीवरची एक शाब्दिक कोटी, एवढेच तिचे भांडवल असते. कोटी उलगडण्याचे काम बसच्या खिडकीत बसलेल्या माणसाचे असते. ते त्याच्याकडून काढून घेतले, तर तो फलकाकडे मान वळवील कशासाठी?

पूर्वा_नाशिक
फलकासमोरून बस जाण्याचा काळ सरला, हे आपण लक्षात घेत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये जपानमधल्या साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने आणलेली हात्सुने मिकू हे मुळात दिलेले शब्द आणि चाल गाऊन दाखवणारे सॉफ्टवेअर होते. कंपनीने तिला साकी फुजिता यांचा आवाज, एक चेहरा, सोळा वर्षे वय आणि १५८ सेंटिमीटर उंची दिली. पुढची हजारो गाणी लोकांनी रचली, तिच्या हातातली कांद्याची पातसुद्धा एका चाहत्याच्या चित्रफितीतून आली. लोकांना चित्रफलक नको, सहभाग हवा आहे.

शाईवाला
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. मिकू कोणाशी गप्पा मारत नाही. तिला मुद्दाम अपुरे ठेवले, म्हणून लोकांनी तिला पुरे केले.

घाटमाथा
दोघेही चेहऱ्यावर बोलत आहात, भाषेवर कोणीच बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात आमचे विजेचे मीटर जळाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांनी वीज कंपनीच्या फोनवरच्या मदतीच्या खिडकीत मराठी निवडून 'मीटर जळाले आहे' असे लिहिले, तेव्हा त्या हसऱ्या आभासी ताईने 'आपण बिल भरणे इच्छिता काय?' असे तीनदा विचारले. चौथ्या वेळी वडिलांनी चष्मा काढून फोन माझ्या हातात दिला. असली मराठी बोलणाऱ्या चेहऱ्याला ओळख म्हणायचे, तर अनोळखी बरे.

पूर्वा_नाशिक
हा भाषांतराचा दोष आहे, कल्पनेचा नाही. प्रत्येक चर्चा मराठीच्या गाऱ्हाण्याकडे ओढून नेण्याची सवय आता सोडावी.

घाटमाथा
गाऱ्हाणे? ज्याच्याशी बोलायचे त्याची भाषा आधी शिकावी, एवढी साधी अपेक्षा आहे. विजापूरच्या सीमेवर आणि गोव्यातही मराठी बोलणारे ग्राहक आहेत, आणि त्या प्रत्येकाची मराठी निराळी आहे. एकच मुखवटा सर्वांशी पुस्तकी बोलू लागला, तर कोणालाही तो आपला वाटणार नाही.

शाईवाला
भाषेची बाजू रास्त आहे. माझा धोक्याचा मुद्दा त्याहून मोठा आहे. मायक्रोसॉफ्टने २३ मार्च २०१६ रोजी ट्विटरवर सोडलेला 'टे' हा बॉट, म्हणजे आपोआप गप्पा मारणारा प्रोग्रॅम, लोकांनी चिथावताच द्वेषाची वाक्ये बोलू लागला आणि दिवसाच्या आत तो बंद करावा लागला. पन्नासहून अधिक वर्षे जपलेले पात्र असे कोणाच्याही हाती कसे द्यायचे?

पूर्वा_नाशिक
तो धोका खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. तरी माझा अनुभव ऐका. आमच्या घरगुती मसाल्याच्या पाकिटावर नऊवारीतली आजी आहे. तिच्या नावाने एक क्रमांक छापला, तेव्हापासून गिऱ्हाईक तिला लिहितात. 'आजी, यंदाचा गोडा मसाला जरा करपट लागला' असे एका बाईंनी लिहिले. 'धणे जास्त भाजले गेले, पुढची पुडी माझ्याकडून' असे उत्तर गेले. त्या बाई आता दर महिन्याला आमटीचा फोटो पाठवतात.

शाईवाला
हे वाचून बरे वाटले. पण आजीच्या नावाने उत्तरे कोण लिहिते?

पूर्वा_नाशिक
माझी आई. रात्री जेवणे उरकल्यावर, एकेका बोटाने.

घाटमाथा
मग आमच्या वडिलांना तोच क्रमांक द्या.