मदत हवी आहे: फक्त बायकांच्या सर्किट जिममध्ये नाव घालावं का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

राजारामपुरीकर

नमस्कार. वय ४७, नोकरी पतसंस्थेत, दिवसभर काउंटरवर बसून काम. शाळेत कबड्डी खेळत होते, त्यानंतर व्यायाम असा कधी झालाच नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. जमिनीवर मांडी घालून बसले की उठताना हात टेकावा लागतो, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना पलंगावरून उठायलाही आता आधार लागतो. त्यांचं सगळं मी करते, म्हणून रोज डोळ्यांसमोर असतं की पायातली ताकद गेली की माणसाचं काय होतं.

घरापासून चालत जाता येईल अशी एक बायकांची सर्किट जिम आहे. परवा ऑफिस सुटल्यावर जाऊन बघून आले. एका हॉलमध्ये गोलात १२ मशीन, आणि दर दोन मशीनच्या मध्ये एक चौकोनी फळी. ३० सेकंद झाले की स्पीकरवर आवाज येतो, सगळ्याजणी एक घर पुढे सरकतात. मशीनवर ३० सेकंद, फळीवर जागच्या जागी चालणं ३० सेकंद, परत मशीन. दोन फेऱ्या, शेवटी थोडं ताणणं, अर्ध्या तासात मोकळं. कुणीही कधीही यायचं, मोकळं मशीन दिसलं की तिथून सुरू करायचं. लोखंडी वजनं कुठंच नाहीत. प्रत्येक मशीनला एक नळकांडं आहे, त्यात तेल असतं असं तिथल्या मुलीनं सांगितलं.

फी महिन्याला १५००, वर्षाचे एकदम भरले तर ११०००. "ताई, ऑफर या महिन्यापुरतीच आहे," असं दोनदा ऐकवलं.

साध्या जिममध्येही लेकीबरोबर जाऊन बघितलं. शिकवणारी सगळी पोरं, वागायला चांगली होती, पण मशीनवर बसल्यावर माझं सगळं लक्ष मागे कोण उभं आहे याकडेच. सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाता येतं, उन्हाळ्यात गेलेही होते, पण आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की ते बंद पडतं.

मला विचारायचंय ते असं. अगदी पहिल्यांदा व्यायाम करणाऱ्या बाईला ही तेलाची मशीन चालतात का? गुडघ्याला त्रास होईल का? आणि नुसतं हेच करून पायात खरंच ताकद येते, की मन रमतं तेवढंच? वजन कमी झालं तर आनंदच आहे, पण मुख्य हेतू तो नाही.

कळंब्याची

जावा की बिनधास्त. मी पण असल्याच जिमला जातो, दुसऱ्या भागातल्या. पैल्या दिवशी मला बी भ्या वाटलं हुतं. आमच्यात साठीच्या दोघी हायत, एक भाजीवाली मावशी पंजाबी ड्रेस घालून येती, आणि कोण कुणाकडं बघत न्हाई. मशीन जड झालं तर आपण सावकाश ढकलायचं, ते आपोआप हलकं हुतंय. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येत न्हाईत, म्हणून तर मी टिकलो. कंबर पैल्यासारखी धरत न्हाई आता. गुडघ्याचं मात्र कुणी जाणत्याला विचारा.

फिजिओ_शाहूपुरी

राजारामपुरीकर ताई, प्रश्न नेमका विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

या मशीनचं काम सायकलला हवा भरायच्या पंपासारखं आहे. जोरात दाबाल तितका विरोध जास्त, हळू दाबाल तितका कमी. वजन अंगावर पडण्याची भीती नाही, आणि मधेच सोडून दिलं तरी मशीन जागेवर थांबतं. नवख्या माणसासाठी हा मोठा गुण आहे. जायचं-यायचं दोन्ही दिशांना ढकलावं आणि ओढावं लागतं, त्यामुळे एकाच मशीनवर मांडीचा पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्नायू काम करतात.

उणी बाजू त्यातच आहे. डंबेल खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाही वजन धरून ठेवतो. तेलाच्या मशीनमध्ये हा भाग जवळजवळ नसतो. दुसऱ्या दिवशी अंग फारसं दुखत नाही ते याचमुळे, कारण ते दुखणं मुख्यतः अशा लांब होत जाणाऱ्या स्नायूच्या कामातून येतं. पण जिना उतरणं, खुर्चीत सावकाश बसणं, खाली वाकून बादली ठेवणं, ही सगळी तीच कामं. तुमचा गुडघा उतरताना दुखतो म्हणजे जी ताकद तुम्हाला हवी आहे, नेमकी तीच या मशीनवर कमी मिळणार.

म्हणून जिम सोडू नका, तिच्या जोडीला घरी एक गोष्ट करा. हात नसलेल्या, जरा उंच खुर्चीकडे पाठ करून उभं राहायचं, दोन पायांत खांद्याइतकं अंतर. मनात चार अंक मोजत सावकाश बसायचं, धपकन नाही. मग पुढे झुकून उठायचं. आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहू दे, आत वळू देऊ नका. दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. जमायला लागलं की उशी काढा, मग खुर्ची बदला. जमिनीवरून हात न टेकता उठण्याची वाट इथूनच जाते.

जिममध्ये पाय सरळ करायच्या मशीनवर आणि बैठकीच्या मशीनवर गुडघा जिथपर्यंत दुखत नाही तिथपर्यंतच हलवा. पूर्ण वाकवलाच पाहिजे असा कुणी आग्रह धरला तर ऐकू नका. उतरतानाचं दुखणं बऱ्याचदा वाटीच्या मागचं असतं, पण हात लावून तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. एकदा दाखवून घ्या.

रक्तदाबाचं वेगळं सांगते. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, ढकलताना सोडायचा. श्वास कोंडला की दाब झटकन वर जातो. आणि गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना विचारा. बीटा ब्लॉकर गटातली असेल तर नाडी मुळातच कमी धावते. अशा वेळी भिंतीवरचा तक्ता दाखवून "तुमची नाडी इतकी आलीच पाहिजे" असं कुणी म्हटलं तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप योग्य. छातीत दडपल्यासारखं झालं, चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पेठेतला

घरात तालमीचं वातावरण आहे, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो. कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं. गावात पेठेपेठेला तालमी उभ्या राहिल्या, पण आपल्या आया-बहिणींना दार उघडं असलेली जागा पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नाही. म्हणून बायकांची जिम निघते याचा मला आनंदच आहे.

माझी शंका मशीनवर नाही, वाढीवर आहे. तालमीत पोरगा आज जितक्या बैठका मारतो तितक्याच सहा महिन्यांनी मारत असेल तर वस्ताद त्याला विचारतो. सर्किटमध्ये आवाज आला की सरकायचं, गाणी चालू, सगळं छान; पण ताकद वाढली की नाही हे कळायचं कसं? वही ठेवा. ३० सेकंदांत प्रत्येक मशीनवर किती वेळा झालं ते लिहा. मशीनला विरोध कमी-जास्त करायची आकड्यांची चकती असेल तर ती कितीवर होती तेही लिहा. आकडा सरकायचा थांबला आणि चकतीही शेवटाला आली, की तिथलं शिकणं संपलं समजा आणि डंबेल हातात घ्या.

बाकी हा प्रकार काही कालचा नाही. सर्किट ट्रेनिंगची पद्धत १९५३ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अँडरसन या दोघांनी बसवली. फक्त बायकांसाठी, ३० मिनिटांत, तेलाच्या मशीनवर, हे रूप जगभर गेलं ते अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये १९९२ ला सुरू झालेल्या कर्व्ह्‌ज या साखळीमुळे. व्यायामाला नवखी बाई, हाच त्यांचा पहिल्यापासूनचा ग्राहक. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे.

दोन_लेकरांची_आई

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. फळीवर जागच्या जागी चालायच्या ऐवजी बऱ्याच ठिकाणी उड्या मारायला सांगतात. बाळंतपणं झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना उडी मारताना, शिंकताना थेंबभर लघवी होते. आपण ते घरातही बोलत नाही. मी साध्या जिममध्ये गेले तेव्हा याच कारणानं आठवड्याभरात बंद केलं, आणि घरी "वेळ मिळत नाही" असं सांगितलं. बायकांच्या जिममध्ये शिकवणाऱ्या ताईला बाजूला घेऊन सांगता आलं. तिनं उड्या बंद करून पावलं उचलायला सांगितलं आणि खालच्या स्नायूंचे आवळण्याचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्यायला पाठवलं. त्या व्यायामांनी मला फरक पडला. "फक्त बायकांची जिम" याचा अर्थ माझ्यासाठी हा आहे. ताई, तुम्हाला असं काही असेल तर लपवू नका, आणि नसेल तरी सुरुवातीला उड्या टाळाच, गुडघ्यासाठी.

फिजिओ_शाहूपुरी

बरं झालं लिहिलंत. हा त्रास फार जणींना असतो आणि त्यावर उपाय आहे, वयाचं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन_लेकरांची_आई, तुमचा प्रतिसाद वाचून हायसं वाटलं, इतकंच म्हणते.

आणखी एक विचारायचं राहिलं. मला दोन जिने चढले की दम लागतो. तो व्यायामाची सवय नाही म्हणून, की दुसरं काही? आणि जिम आठवड्यातून तीनदा केली की पुरे, की चालायलाही हवं?

फिजिओ_शाहूपुरी

दम लागतो तर आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो पंडुरोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये तो आढळला, म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या वयात पाळी अनियमित होऊन जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्तदाब आहे म्हणून हृदयाचीही तपासणी ते सुचवतील, ती टाळू नका. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, अन्नातलं लोह नीट लागत नाही.

चालायला हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. अर्धा तास तीनदा म्हणजे ९० मिनिटं. उरलेलं चालून भरा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात.

जुनी_सभासद

पैशांचं मी सांगते. वर्षाचे भरू नका. ऑफर या महिन्यापुरती असते आणि पुढच्या महिन्यातही असते. मी एका ठिकाणी वर्षाचे भरले, चार महिन्यांत त्यांनी जागा सोडली, उरलेले पैसे आजतागायत मिळाले नाहीत. एक महिन्याचे भरा, पावती घ्या.

भरण्याआधी तिथे पंधरा मिनिटं नुसतं बसून बघा. शिकवणारी मुलगी फ्लोअरवर फिरते की काउंटरवर मोबाईल बघते? नवी बाई आली की तिच्या उंचीप्रमाणे सीट पुढे-मागे करून देते का? तुम्हाला रक्तदाब, गुडघा, ऑपरेशन यातलं काही विचारलं का, की थेट वजनकाट्यावर उभं केलं? काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबे रचलेले असतील आणि व्यायामाआधी डाएटचं पॅकेज गळ्यात पडत असेल तर नमस्कार करून बाहेर या. आणि कंबरेला पट्टा लावून थरथरणाऱ्या मशीननं चरबी जात नाही, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. हलायचं आपल्याला आहे, मशीनला नाही.

राजारामपुरीकर

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे करून आले, म्हणून लिहिते.

आधी डॉक्टर. हिमोग्लोबिन १०.६ निघालं, गोळ्या सुरू झाल्या. ईसीजी ठीक आहे. रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर गटातलीच आहे, म्हणजे नाडीचा तक्ता माझ्या कामाचा नाही. हलका व्यायाम सुरू करायला डॉक्टरांची हरकत नाही, पण रक्त वाढेपर्यंत दमसास बघून, असं सांगितलंय.

मग जिममध्ये जाऊन बसले. शिकवणारी मुलगी खरोखर फिरत होती. एका थोराड बाईंचा गुडघा मशीनच्या सांध्याच्या रेषेत यावा म्हणून तिनं खाली बसून सीट दोन खाचा मागे घेतली, परत पाय हलवून बघायला सांगितलं, परत एक खाच पुढे. ते बघून माझा अर्धा निर्णय झाला. मी गुडघ्याचं सांगितल्यावर तिनं दोन मशीनवर चिकटपट्टीनं खूण करून दिली, या खुणेच्या पुढे जायचं नाही म्हणून. मशीनला एक ते सहाची चकती आहे, मला एकवर ठेवलंय. पावडरचे डबे काउंटरवर होते. नको म्हटलं, तिनं पुन्हा विचारलं नाही. नाडीचा तक्ता भिंतीवर होताच. गोळीचं सांगितलं तेव्हा तिला ते माहीत नव्हतं, पण तिनं ते माझ्या कार्डावर लिहून घेतलं.

एकाच महिन्याचे भरले, पावती घेतली. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला. सध्या एकच फेरी करायची. मंगळवारी आणि शनिवारी खुर्चीचा व्यायाम, आत्ता दोन उश्या ठेवून होतोय. पाऊस नसेल त्या दिवशी ऑफिसातून चालत घरी.

राजारामपुरीतून सहाच्या सुमारास येणारी कुणी असेल तर इथे सांगा, बरोबर जाऊ. आणि बूट कसले घ्यावेत तेही सांगा, चपला चालत नाहीत म्हणाली.

कळंब्याची

जाड फोमचं पळायचं बूट घेऊ नका, फळीवर पाय डुगडुगतोय. तळ सपाट आणि धरणारा असला म्हंजे झालं. संध्याकाळी दुकानात जावा, दिवसभरानं पाय जरा सुजलेला असतोय, तवा माप बरोबर बसतंय.