मदत हवी आहे: रविवारची रेस कुठल्या चॅनेलवर लागते? (सोलापूर)

वेशीवरचा – बुधवार, रात्री १०:५०
मंडळी, अर्जंट आहे. रविवारी रेस आहे आणि कुठल्याच चॅनेलवर सापडेना झालीय. केबलवाल्याला विचारलं तर म्हणे, "स्पोर्ट्सचा मोठा पॅक घ्या, त्यात सगळं येतंय." घेतला. एकेक चॅनेल लावून बघितलं, सगळीकडे कबड्डी नाहीतर जुन्या मॅचेस. आता फोन उचलत नाही. पप्पांना बघायची आहे. चॅनेलचा नंबर तेवढा सांगा, लेक्चर नको.

माळरान – रात्री ११:०२
कुठली रेस? बैलगाडा असेल तर टीव्हीच्या नादाला लागूच नका. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून यूट्यूबवर लाइव्हचा नुसता धुरळा आहे. घाटाचं नाव टाका, लिंक देतो.

वेशीवरचा – रात्री ११:०५
एफ वन हो, फॉर्म्युला वन कारची. इटलीतली मोंझाची. रेस म्हटल्यावर अजून काय असतंय?

माळरान – रात्री ११:०६
आमच्याकडे बैलच असतात.

निवांत_अण्णा – रात्री ११:२०
नंबर नाहीच, म्हणून सापडेना. भारतात एफ वन स्टार स्पोर्ट्सवर २०२२ च्या सीझनपर्यंत होतं. करार संपला आणि पुढे कुठल्याच टीव्ही चॅनेलने घेतलं नाही. २०२३ ला फॉर्म्युला वनने स्वतःचं अ‍ॅप इथे आणलं, २०२४ पासून हक्क फॅनकोड नावाच्या अ‍ॅपकडे. म्हणजे रेस इंटरनेटवर आहे, केबलवर नाही. केबलवाल्याने पॅक गळ्यात मारलाय, तो आधी बंद करा.
आता सांगा: टीव्ही स्मार्ट आहे का? घरात वायफाय आहे का?

वेशीवरचा – रात्री ११:२८
टीव्ही चांगला आहे, काही प्रॉब्लेम नाही. पण पप्पा अ‍ॅपबिप बघत नाहीत. शूमाकरच्या काळापासून चॅनेलवरच बघायलेत. मधली दोन-तीन वर्षं डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे टीव्ही बंदच होता, आता बघायचंय म्हणतात. आणि रेस साडेपाचला ना?

गिअर_पाच – रात्री ११:४१
साडेपाच नाही, साडेसहा. काकांच्या डोक्यात जुनी वेळ आहे. २०१८ ला नव्या मालकांनी युरोपातल्या बहुतेक रेस तासभर पुढे ढकलल्या, वर दहा मिनिटं अजून. का, तर बरेच चॅनेल तासाच्या ठोक्याला सुरू व्हायचे आणि लगेच लाइट्स ऑफ, म्हणजे रेस सुरू; ग्रिडवर रांगेत उभ्या गाड्या दाखवायला सवडच नाही. दुपार कलल्यावर प्रेक्षकही जास्त. नंतर ती दहा मिनिटं काढली, तास तसाच राहिला. टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी रेसचं घड्याळ फिरवतात आणि मग टीव्हीवरूनच रेस काढून घेतात. सगळी त्या नव्या मालकाची, लिबर्टीची हाव.

निवांत_अण्णा – रात्री ११:५५
गिअरभाऊ, लिबर्टी आली २०१७ ला. ब्रिटनमध्ये बीबीसीवर निम्म्याच रेस लाइव्ह उरल्या त्या २०१२ ला, तेव्हा कारभार जुन्या बॉसचा, एक्लस्टनचा होता. स्काय या पैसे भरून बघायच्या चॅनेलबरोबर २०१९ पासूनचा एक्सक्लुझिव्ह करारही त्यानेच जाता जाता करून ठेवला. आता तिथे फुकटात चॅनल फोरवर हायलाइट्स, आणि लाइव्ह एकटी ब्रिटिश ग्रांप्री. पैसा बघणारा माणूस बदलला, पैसा बघणं तेच.

गिअर_पाच – गुरुवार, सकाळी ७:१५
मग जर्मनीचं काय? आरटीएल चॅनेलवर १९९१ पासून २०२० पर्यंत फुकट. शूमाकर, फेटल, सगळं त्या लोकांनी घरच्या अँटेनावर बघितलं. २०२१ पासून बहुतेक रेससाठी स्कायला पैसे मोजा. आज तिकडचं शेंबडं पोर रेस बघणार कुठे? आणि प्रेक्षक घटला की गाडीवर नाव लावणारा स्पॉन्सरही हात आखडतो. हक्काचे जादा पैसे दिसतात, हा खड्डा दिसत नाही.

निवांत_अण्णा – सकाळी ७:४०
खड्डा आहे, मान्य. पण टीव्हीच्या हक्कांचा पैसा, सर्किटवाले यजमानपदासाठी मोजतात ती फी आणि स्पॉन्सर, या तिन्हींवर हा सगळा डोलारा आहे. त्यातलाच वाटा टीमना जातो. मागची टीम त्यावरच तग धरते.

पार्कचौक_७७ – सकाळी ८:३०
माझं मत वेगळं. सरकारने डीडीवर सक्तीने दाखवायला लावावं. क्रिकेट दाखवतात की नाही? २००७ चा कायदाच आहे.

निवांत_अण्णा – सकाळी ८:५२
तो कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून सरकारने जाहीर केलेल्या स्पर्धांपुरता. त्यात ऑलिंपिक आहे, भारताचे क्रिकेट सामने आहेत, एफ वन नाही. आणि खासगी चॅनेलवाल्याच्या बाजूनेही बघा. क्रिकेटमध्ये ओव्हर संपली की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. रेस दीड-दोन तास थांबतच नाही. मध्ये जाहिरात घातली की नेमका तेव्हाच कोणीतरी कोणाला ओव्हरटेक करतो आणि लोक शिव्या घालतात. वर ग्रिडवर आपला माणूस नाही. कार्तिकेयन २००५ ला आला, चंढोक २०१० ला, ग्रेटर नोएडाची रेस २०११ ते १३, संपलं. चॅनेलने पैसे कशाच्या जोरावर लावायचे?

बुलेटराजा – सकाळी ९:१०
कारी सोडा, बाइक बघा. २०२३ ला त्याच नोएडाच्या सर्किटवर मोटोजीपी झाली, बेझेक्की जिंकला, स्पोर्ट्स१८ वर दिसली, जिओसिनेमावर फुकट. काकांना बाइकची गोडी लावा.

वेशीवरचा – सकाळी ९:३०
पप्पांना बाइक नको, फेरारी पाहिजे. मी नंबर विचारला होता, इथे जर्मनी चाललीय.

छत्रीवाले_जोशी – सकाळी १०:०५
मोठी डिश लावा. गच्चीवर जागा आहे का? ऑस्ट्रियाचे चॅनेल फुकट रेस दाखवतात, उपग्रहावरून धरायचे. मी ९० च्या दशकात आठ फुटी छत्री लावून काय काय बघितलंय.

गिअर_पाच – सकाळी १०:२०
जोशीकाका, ते चॅनेल ॲस्ट्राच्या उपग्रहावर, त्याचा झोत युरोपवर. सोलापुरात छत्री लावून त्यात पावसाचं पाणी साठेल फक्त.

लिंकवाला – सकाळी १०:३३
टेलिग्रामला या, फुकट लिंक देतो.

निवांत_अण्णा – सकाळी १०:४०
याच्या लिंकवर कोणी जाऊ नका. रेस राहील बाजूला, फोनमध्ये भलतंच काहीतरी शिरेल. वेशीवरचा, टीव्हीच्या मागचा फोटो टाका. सेटटॉप बॉक्सची वायर लाल-पांढरी-पिवळी आहे का?

वेशीवरचा – दुपारी १:१५
हो, तीच. टीव्ही भिंतीला ठोकलाय, मोबाइल आत घालून कसाबसा फोटो काढला. बाजूला एक चपटं भोक आहे, धुळीने भरलेलं. वायफाय माझ्याकडे जुळे सोलापुरात आहे. पप्पा बाळीवेशीत जुन्या घरी, तिथे नाही.

निवांत_अण्णा – दुपारी १:२२
हे काल रात्री सांगितलं असतं तर! ते भोक म्हणजे एचडीएमआय, काम झालं. टीव्हीला लावायची स्टिक मिळते, नव्या पेठेत कुठल्याही मोबाइलच्या दुकानात विचारा. भोक आधी कोरड्या ब्रशने साफ करा. भिंत आड येत असेल तर स्टिकबरोबर छोटी जोडवायर येते, ती वापरा. स्टिकवर फॅनकोडचं अ‍ॅप घाला, तुमच्याच नंबरने लॉगिन, वीकेंडचा पास घ्या. नेटसाठी तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. रिमोटवर सोर्सचं बटण दाबून एचडीएमआय निवडा. पप्पांना टीव्हीवर रेस दिसेल, अ‍ॅप हा शब्दच काढू नका.

पार्कचौक_७७ – दुपारी १:४०
बाळीवेशीत रेंज येते का पण? माझ्या मेव्हण्याकडे आतल्या खोलीत एक कांडी.

वेशीवरचा – दुपारी १:५५
खिडकीत फोन ठेवला की फाइव्ह जी येतंय. डेटा किती जाईल? मला दिवसाला २ जीबी आहे.

गिअर_पाच – दुपारी २:०४
एचडीत तासाला दोन-तीन जीबी धरा. त्या दिवसापुरतं डेटाचं वेगळं व्हाउचर मारा. क्वालिटी एक पायरी खाली ठेवा, एवढ्या टीव्हीवर फरक कळणार नाही.

बुलेटराजा – दुपारी २:१०
तेवढ्या डेटात मोटोजीपीच्या दोन रेस बसतात. कमी वेळाची असते.

वेशीवरचा – रात्री ९:१२
स्टिक मेव्हण्याकडून मागून आणली, चालायलीय. पप्पांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हा कितवा चॅनेल?" मी ९९९ सांगितलं. आता एकच. क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कोण पुढून सुटणार ते ठरवणारी फेरी, शनिवारी साडेसातला आहे, तेव्हा आम्ही सगळे मिरवणुकीत. लेझीम सोडून मी येणार नाही आणि पप्पांना एकट्याला ते जमणार नाही. नंतर बघता येतं का?

निवांत_अण्णा – रात्री ९:२०
रिप्ले असतो. फक्त अ‍ॅपचं नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर पोल, म्हणजे पहिली जागा, कोणाची ते मिरवणुकीतच कळेल.

माळरान – रात्री ९:३१
रविवारी आमच्याकडेही मैदान आहे, सकाळी दहाला. लिंक टाकून ठेवतो.