घरी हाताने केलेल्या आठवणवस्तू: काय टिकले, काय बिघडले? (अनुभव धागा)

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिने काढलेले घराचे चित्र मी एका पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवून कपाटात जपून ठेवले होते. सतरा वर्षांनी ते बाहेर काढले, तेव्हा टेपची फीत वाळलेल्या सालीसारखी हातात आली आणि तिच्याखालचा गोंद कागदात मुरून चारही कडांना तपकिरी पट्टे उमटलेले दिसले. त्यातला एक पट्टा तिने दारात उभ्या केलेल्या माणसांवरूनच गेला आहे. इतकी वर्षे मी ते चित्र जपते आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते माझ्याच हाताने खराब होत होते.

म्हणून हा धागा काढते आहे. घरच्या माणसांची आठवण म्हणून, किंवा ऋतू पालटला की घराचेही रूप पालटावे म्हणून आपण ज्या साध्या वस्तू करतो, त्या कशा केल्या हे तर लिहाच, पण काही वर्षांनी त्यांचे काय झाले हेही अवश्य लिहा. वस्तू पूर्ण झाली त्या दिवशीचे छायाचित्र सर्वांकडे असते, नंतरची हकिकत मात्र क्वचितच कोणी सांगते.

* * *

आमच्याकडे मुलाच्या तळहाताचा ठसा आहे. तो तिसऱ्या प्रयत्नात साधला. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी, एवढेच साहित्य लागते. पाणी एकदम न ओतता लागेल तसे घालून घट्ट गोळा मळायचा, अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती लाटायची आणि तिच्यावर मुलाचा हात ठेवून एकेक बोट आपण वरून दाबायचे, कारण मूल स्वतः दाबते तेव्हा बोटांची टोके खोल रुततात आणि तळवा उमटतच नाही. पहिली चकती मी घाईने जास्त आचेवर भाजली; ती मधोमध फुगली आणि करंगळी नाहीशी झाली. दुसरी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तीन तास ठेवली आणि ती उत्तम झाली, पण वार्निश मी फक्त वरच्या बाजूला लावले. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, हे मला ठाऊक असूनही लक्षात आले नाही. दमट दिवसांत चकतीची मागची बाजू मऊ पडली आणि एके सकाळी ती दोऱ्यापाशी फाटून खाली पडली. तिसरीला दोन्ही बाजूंनी, कडांना आणि दोरा ओवायच्या भोकाच्या आतूनही वार्निशचे दोन हात दिले. तिला आता नऊ वर्षे झाली. चकती ओली असतानाच मागे काडीने तारीख कोरली होती, ती आजही स्वच्छ वाचता येते.

घरात कुत्रा असेल तर हा गोळा त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी, इतके मीठ त्याला घातक ठरते.

* * *

आई गेल्यानंतर तिच्या पत्रांपैकी एक ओळ मी कापडावर भरली. ओळ अगदी साधी आहे: ‘पोचल्यावर लगेच कळव, मी जागी आहे.’ प्रत्येक पत्राच्या शेवटी ती याच अर्थाचे काहीतरी लिहीत असे.

मूळ पत्राला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवले होते. त्याची झेरॉक्स काढली, अक्षरे भरता येतील इतकी मोठी करून घेतली, दिवसा खिडकीच्या काचेवर तो कागद चिकटवला आणि त्यावर पांढरे सुती कापड ताणून अक्षरे गिरवली. कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर भरतकाम झाल्यावर ते आटते आणि टाक्यांभोवती चुण्या पडतात. गिरवण्यासाठी पाण्याने जाणारे पेन वापरले. ती शाई पूर्ण धुऊन निघेपर्यंत कापडाला इस्त्री लावू नये, कारण उष्णतेने ती पक्की बसण्याचा धोका असतो. भरतकामाच्या दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यातले दोनच वेगळे करून घेतले. टाका सर्वांत सोपा: सुई एक टाका पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकात परत घालायची. सरळ रेघेवर टाका तीन मिलिमीटरचा चालतो, पण ‘ळ’ आणि ‘ह’ यांच्या वळणांवर तो निम्म्याने लहान करावा लागतो, अन्यथा गोलाईला कोपरे येतात.

हे काम करताना एक गोष्ट दिसली, जी पत्रे वाचताना चाळीस वर्षांत कधी दिसली नव्हती. आई शिरोरेषा अक्षरे लिहून झाल्यावर देत असे, आणि ती कधीच शब्दाच्या शेवटापर्यंत जात नसे. शेवटचे अक्षर उघडेच राही; ‘जागी’मधल्या ‘गी’वर तर रेघ नाहीच. ती पुरी करण्याचा मोह मला झाला होता. सुई दोनदा तिथवर नेली आणि मागे घेतली. चौकट लावल्यावर धाकट्या भावाने ती लांबूनच पाहिली आणि अक्षर कोणाचे हे त्याला सांगावे लागले नाही.

चूक एकच झाली. रात्री काम थांबवताना कापड ते ताणून धरणाऱ्या भरतकामाच्या रिंगमध्येच राहू दिले, त्याचा गोल वळ धुतल्यावरही पुरता गेला नाही. रोज उठताना रिंग काढून ठेवावी.

* * *

धागा काढणाऱ्या ताईंना सुचवावेसे वाटते की, चित्राला उरलेली टेप ओढून काढू नका, तिच्याबरोबर कागदाचा थर निघून येतो. चित्र आहे तसे स्कॅन करून घ्या, आम्लरहित कागदावर छापा आणि चौकटीत ती छापील प्रत लावा. मूळ चित्र अंधाऱ्या, कोरड्या जागी सपाट ठेवा. कागदाला गोंद न लावता चारही कोपरे कागदी खाचांत अडकवता येतात. वर्तमानपत्राचे कात्रण चित्राच्या शेजारी ठेवू नये, कारण त्या कागदात लाकडातून आलेल्या लिग्निन या घटकामुळे ते स्वतः पिवळे पडते आणि शेजारच्या कागदालाही डागाळते. प्रवासाची तिकिटे किंवा पावत्या आठवण म्हणून ठेवणार असाल तर त्यांचीही प्रत आधी काढा. त्यातल्या बऱ्याच उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात आणि काही वर्षांत त्या कोऱ्या होतात. आमच्या पहिल्या प्रवासाच्या वहीत आज तशी तीन कोरी पाने आहेत.

* * *

मी ऋतूप्रमाणे बदलणारी एकच चौकट ठेवली आहे. फुले व पाने टिपकागदात ठेवून वर जड पुस्तके ठेवायची आणि तीन आठवडे वाट पाहायची, इतकेच काम आहे. पहिल्या आठवड्यात मात्र एक दिवसाआड कागद बदलावाच लागतो. ओलावा राहिला की पाकळ्या तपकिरी होतात. जाड गाभ्याची फुले दाबून चांगली होत नाहीत, त्यांच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात. दारावरच्या तोरणवजा माळेसाठी दाबलेली पाने चालत नाहीत, ती ठिसूळ होऊन चुरतात. त्यासाठी एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग कोमट पाणी यांत पाने चार-पाच दिवस बुडवून ठेवते. त्यांचा रंग गडद होतो, पण ती चामड्यासारखी लवचिक राहतात. उन्हासमोर टांगलेली चौकट एका वर्षात फिकी पडली, हाही अनुभव आहेच.

* * *

वडिलांच्या सदऱ्यांची गोधडी करायची म्हटल्यावर आमच्या घरात सहा महिने एकमत झाले नाही. कपड्यांना कात्री लावणे बहिणीला सहन होत नव्हते, आणि तिचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. शेवटी प्रत्येकाने एक सदरा अखंड ठेवला आणि उरलेले अकरा कापले. ज्यांनी सुरुवात करायची आहे त्यांनी आधी हा भाग मोकळेपणाने बोलून घ्यावा, शिवण नंतर शिकता येते.

सुती कापडाचे चौकोन सरळ जोडले गेले, पण दोन टी-शर्टांचे विणलेले कापड शिवताना ताणले जाऊन वेडेवाकडे झाले. त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावल्यावर ते वठणीवर आले. एका चौकोनावर आम्ही खिसा तसाच ठेवला आहे. वडील त्यात पेन ठेवत, त्याचा निळा डागही धुतलेला नाही. माझा नातू त्या खिशात आता खडे ठेवतो.

* * *

मुलांची उंची आम्ही भिंतीवर खुणावत होतो. घर बदलले तेव्हा ती भिंत मागे राहिली आणि तिच्यावरच्या सात वर्षांच्या खुणा नव्या रंगाखाली गेल्या. त्या जाण्याच्या आदल्या रात्री मी दीड मीटर नवार विकत आणली, भिंतीला लावून धरली आणि प्रत्येक खूण तिच्यावर उतरवून घेतली. नवार निवडण्याचे कारण असे की, ती सुती असते आणि रबरी फितीसारखी ताणली जात नाही. तरीही ती आधी भिजवून वाळवली होती. पेनच्या खुणांवर नंतर दोऱ्याने आडवे टाके घातले, थोरल्यासाठी निळे आणि धाकटीसाठी तांबडे. तांबडा दोरा रंग सोडतो का, हे पांढऱ्या ओल्या चिंधीवर घासून पाहिले होते.

वरच्या टोकाला काडी ओवली आहे आणि खालचे टोक जमिनीला टेकेल असे खिळ्याचे माप भिंतीवर मोजून घेतो, म्हणजे कोणत्याही घरात खुणा बरोबर उंचीवर येतात. आजवर ती तीन घरांत लागली. मागच्या महिन्यात थोरल्याने आपल्या उंचीची खूण करायला सांगितले, तेव्हा नवार संपली होती. वर आणखी अर्धा मीटर जोडावी लागली.